स्पोर्ट्स कारचे गिअर सफाईने आणि झटपट कसे बदलायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जर्मनीत कोलोनजवळ राहतो आणि २०१९ ची माझदा एमएक्स-५ चालवतो. दोन लिटरचं इंजिन, सहा गिअर, रिअर व्हील ड्राइव्ह, दोनच सीट. इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत जेवायला बसलं की कोणीतरी विषय काढतंच: "तू गिअर टाकलेला कळतही नाही, करतोस काय नक्की?" पुण्यातला भाचा तर व्हिडिओ कॉलवर मोबाइल पायांकडे धरायला लावतो. तेच तेच सांगून कंटाळलो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. आकडे माझ्या गाडीचे आहेत. तुमची स्विफ्ट असो की पोर्श, आकडे बदलतील, हिशोब हाच राहील.

गिअर बदलताना गचका का बसतो?

क्लच सोडला की इंजिन आणि चाकं पुन्हा एकमेकांना जोडली जातात. जोडताना दोघांचे वेग जुळत नसतील तर कोणालातरी नमतं घ्यावं लागतं. गाडी टनभर वजनाची, त्यामुळे नमतं इंजिनच घेतं, पण जाता जाता गाडीला हिसका देऊन जातं. तो हिसका म्हणजे तुमचा गचका.

माझ्या गाडीच्या गिअरचे रेशो (बाहेरच्या शाफ्टच्या एका फेऱ्याला इंजिनचे किती फेरे) पहिल्यापासून सहाव्यापर्यंत असे आहेत: ५.०८७, २.९९१, २.०३५, १.५९४, १.२८६ आणि १.०००. पुढे डिफरन्शियलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांमधल्या गिअरसंचात, सगळ्यांना २.८६६ ने गुणायचं. पाठ करू नका. एवढंच बघा, की गाडी एका ठरावीक वेगात असेल तर प्रत्येक गिअरमध्ये इंजिनचे मिनिटाला होणारे फेरे (आरपीएम) ठरलेले असतात. साधारण ताशी १०० किलोमीटरला माझा काटा चौथ्यात ४००० वर असतो. त्याच वेगात तिसऱ्यात ५१०० आणि दुसऱ्यात थेट ७५००, म्हणजे लाल रेषेवर, इंजिनच्या मर्यादेवर.

तेव्हा चौथ्यातून तिसऱ्यात येताना क्लच सोडायच्या क्षणी इंजिन ५१०० च्या आसपास फिरत असेल, तर शेजारच्याला फक्त आवाज बदललेला ऐकू येईल. तेच इंजिन तोवर १००० पर्यंत उतरलं असेल, तर चार हजार फेऱ्यांचा फरक क्लच प्लेट आणि तुमची मान मिळून भरून काढतात.

पुढचे सगळे प्रश्न फिरून याच एका गोष्टीपाशी येतात. लोक माझ्या हाताकडे बघतात, पण काम उजवा पाय करत असतो.

झटपट शिफ्टसाठी हात किती जोरात चालवायचा?

जोरात नाहीच. गिअरबॉक्समध्ये प्रत्येक गिअरला सिंक्रो असतो, म्हणजे शंकूच्या आकाराची एक कडी. बऱ्याच गाड्यांत ती पितळेची असते. तुम्ही लिव्हर ढकलता तेव्हा ही कडी गिअरच्या शंकूला घासते, दोघांचा वेग एक करते आणि तोवर दातांची वाट अडवून धरते. हाताला ते जाणवतं: लिव्हरला आधी गादीसारखा अडसर लागतो, मग तो विरघळतो आणि गिअर आत सरकतो. या अडसराला क्षणभर द्यायचा असतो. तो न देता धसमुसळेपणा केला की "कर्र" आवाज येतो, आणि तो आवाज म्हणजे कडी झिजल्याची पावती.

सराव झालेला माणूस साधारण अर्ध्या सेकंदात गिअर बदलतो. त्यातला हाताचा प्रवास अगदी थोडा. बाकी वेळ इंजिनचे फेरे योग्य जागी येण्यात आणि क्लच खाली-वर होण्यात जातो. म्हणून हात दुप्पट जोरात मारून काही हाती लागत नाही. पायांचा ताळमेळ बसला की वेळ आपोआप कमी होतो.

वरचा गिअर टाकताना नेमका क्रम काय?

उजवा पाय उचलणं आणि डावा दाबणं एकाच क्षणी. उजवा आधी उचलला तर गाडी नाक खाली घालते. डावा आधी दाबला तर इंजिन मोकळं सुटून किंचाळतं आणि आजूबाजूचे वळून बघतात. मोकळ्या रस्त्यावर फक्त या दोन पायांची अदलाबदल नीट ऐकत बसा. इंजिनचा आवाज ना वर उसळला पाहिजे, ना आधी बसला पाहिजे.

क्लच पूर्ण दाबला की लिव्हर. दुसऱ्यात ७००० ला असाल तर तिसऱ्यात जागा ४७५० च्या आसपास आहे. इंजिन मोकळं झाल्यावर काटा ७००० वरून खाली येतोच. तो ४७५० ओलांडत असताना क्लच वर आला पाहिजे. लवकर आला तर गाडी पुढे उडी मारते, उशिरा आला तर मागे ओढल्यासारखी होते. शिफ्ट चुकली की स्वतःला विचारा: उडी मारली की ओढली? उत्तरातच चूक कुठल्या बाजूची ते कळतं. माझ्या मते शिकण्याची याहून चांगली पट्टी नाही.

क्लच सोडताना तळापासून पकड लागण्याच्या जागेपर्यंत भरकन, त्या जागेवर अगदी निमिषभर मऊ, मग पूर्ण मोकळा. वेग जुळलेले असतील तर त्या मऊपणाचीही गरज उरत नाही.

नवीन इंजिनांत एक कटकट असते. पाय उचलला तरी फेरे लगेच उतरत नाहीत, काटा वर तरंगत राहतो. धुरातली घाण कमी राहावी म्हणून बऱ्याच कंपन्या थ्रॉटल (इंजिनच्या हवेची झडप) हळू मिटवतात, शिवाय फ्लायव्हील, म्हणजे इंजिनला जोडलेलं जड चाक, फेरे धरून ठेवतं. अशा गाडीत एक तर हात थोडा सावकाश चालवा, नाहीतर क्लच दाबायच्या किंचित आधी उजवा पाय उचला. बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच मॅन्युअल गाड्यांत क्लचच्या तेलाच्या वाटेत एक झडपही असते. पाय पटकन सोडला तरी क्लच हळूच पकडतो. तिथे कितीही सराव केला तरी एका मर्यादेपलीकडे सफाई येत नाही. म्हणून काही जण ती झडप काढूनच टाकतात.

पहिल्यातून दुसऱ्यात जातानाच सगळ्यात वाईट गचका बसतो. माझंच चुकतंय का?

नाही, तिथली उडीच मोठी आहे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना फेरे ४१ टक्क्यांनी उतरावे लागतात. दुसऱ्या-तिसऱ्यात ३२, आणि तिसऱ्या-चौथ्यात फक्त २२ टक्के. त्यात पहिल्या गिअरमध्ये ताकद सगळ्यात जास्त वाढून चाकांपर्यंत येते, त्यामुळे पायाची जराशी चूकही मोठी दिसते. गावात पहिला गिअर गाडी हलवण्यापुरता ठेवा आणि लवकर दुसरा टाका. शिकायला सुरुवात तिसऱ्या-चौथ्यापासून करा. तिथे चुका माफ होतात.

ब्लिप म्हणजे काय?

खालचा गिअर टाकताना इंजिनचे फेरे वाढवायला उजव्या पायाने दिलेला छोटासा रेस. चौथ्यातून तिसऱ्यात येताना ४००० चे ५१०० करायचे आहेत. ते क्लच दाबलेला असताना, लिव्हर न्यूट्रलमधून जाताना करायचे, आणि काटा वर पोचतो न पोचतो तोच क्लच सोडायचा. पाय दाबून धरायचा नाही, टिचकी मारल्यासारखा. ५१०० च्या जागी ५४०० झाले तरी बिघडत नाही. थोडं जास्त चालतं, कमी चालत नाही.

हे मला जर्मनीत येऊन कळलं असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं तर मी ते लहानपणीच पाहिलं होतं. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात मी त्यांच्या डाव्या बाजूला, इंजिनच्या गरम झाकणाजवळ उभा असायचो. वळण आलं की मामांचा डावा पाय एकदा खाली जायचा, लांबलचक थरथरता लिव्हर मध्ये यायचा, पाय वर, उजव्या पायाने एक "घुंऽऽ", पुन्हा डावा पाय खाली, आणि लिव्हर लोण्यात सुरी जावी तसा आत. मागे पन्नास माणसं, टपावर सामान, आणि कोणाची डुलकी मोडत नसे. मी विचारलं होतं, "मामा, मध्येच रेस कशाला देता?" ते म्हणाले, "नाही दिला तर तो घेत नाही."

म्हणजे डबल क्लच. आजच्या गाडीत तो लागतो का?

मामांच्या गिअरबॉक्सला सिंक्रो नव्हते, त्यामुळे त्यांना पर्यायच नव्हता. क्लच दाबला की इंजिन सुटं होतं, पण गिअरबॉक्सचा आतला शाफ्टही सुटा होतो. नुसत्या ब्लिपने इंजिन वेगात येतं, शाफ्ट नाही. न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून रेस दिला की शाफ्टही वेगात येतो, आणि गिअर अडसराशिवाय जातो. आजच्या गाडीत शाफ्टचं काम सिंक्रो करतो, तुमच्याकडे फक्त इंजिनचं काम उरतं.

बरेच जण इथेच घोळ घालतात. साधा ब्लिप तुमचा क्लच आणि मान वाचवतो, सिंक्रो वाचवत नाही. सिंक्रो वाचवायचा असेल तर डबल क्लच हवा. दुसरा गिअर आवाज करत असेल, थंडीत सकाळी तेल घट्ट असेल, किंवा चालत्या गाडीत पहिला टाकायचा असेल तर मी अजूनही मामांसारखं दोनदा पाय मारतो. एरवी गरज नाही.

हील अँड टो कसं करायचं?

वळणाआधी तीन कामं एकदम येतात: ब्रेक, क्लच आणि ब्लिप. पाय दोनच. म्हणून उजव्या पायाने एकाच वेळी दोन पेडल सांभाळायचे. नावात टाच असली तरी माझी टाच कुठेच लागत नाही. चवड्याची डावी बाजू, अंगठ्याखालचा फुगीर भाग, ब्रेकवर घट्ट. आणि पाऊल घोट्यातून उजवीकडे कलंडवून करंगळीकडच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी. ज्यांचे पेडल लांब लांब आहेत ते खरंच टाच फिरवून खालून मारतात. दोन्ही बरोबर, जे तुमच्या पावलाला जमेल ते.

अवघड भाग टिचकी मारण्याचा नाहीच. टिचकी मारताना ब्रेकवरचा दाब जराही बदलता कामा नये, ते अवघड. सुरुवातीला प्रत्येक ब्लिपबरोबर ब्रेकही दाबला जातो आणि गाडी मान डोलावते. म्हणून आधी गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून, न्यूट्रलमध्ये, ब्रेक दाबून नुसतं कलंडवत बसा. काटा ३००० पर्यंत जाऊन यावा आणि ब्रेकचा पेडल पायाखाली हलू नये. मी हे पार्किंगमध्ये आठवडाभर केलं. वरच्या मजल्यावरच्या आजींनी शेवटी खिडकीतून विचारलं, गाडी बिघडली आहे का म्हणून.

फॉर्म्युला वनचा विश्वविजेता आयर्टन सेना जपानमधल्या सुझुकाच्या ट्रॅकवर होंडा एनएसएक्स चालवतानाचं चित्रण प्रसिद्ध आहे. पायांवर रोखलेला कॅमेरा, पायात साधे बूट आणि पांढरे मोजे. ते बघाच, पण नक्कल करायला नको. वळणात तो ॲक्सिलरेटरवर जी टकटक करतो ती त्याची स्वतःची लकब होती, त्याचा गिअरशी संबंध नाही. बघायचा तो ब्रेक. तो पाय किती शांत आहे ते बघा.

माझ्या हॅचबॅकमध्ये पाय पोचतच नाही.

बहुतेक घरगुती गाड्यांत ब्रेकचा पेडल ॲक्सिलरेटरपेक्षा बराच वर असतो. हलका ब्रेक लावला असताना पाऊल कलंडवलं तर हवेतच राहतं. जोरात ब्रेक लावला की पेडल खाली जातो, दोन्ही एका पातळीवर येतात आणि मग जमतं. म्हणजे ट्रॅकवर जमेल, पुण्याच्या बाजीराव रस्त्यावर जमणार नाही. ट्रॅफिकमध्ये हील अँड टोचा हट्ट धरू नका. आधी ब्रेक पूर्ण करा, पाय उचला, मग साधा ब्लिप देऊन गिअर टाका. शेजारच्याला फरक कळत नाही.

लिव्हर कसा धरायचा?

धरायचा नाही, टेकवायचा. आतल्या स्प्रिंगा लिव्हरला कायम मधल्या रेषेत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्याच्या ओळीत ओढत असतात. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना सरळ पुढे ढकला, मध्ये पकड सैल करा. लिव्हर स्वतःच मधल्या ओळीत येतो आणि तिसरा सापडतो. मूठ आवळून "उजवीकडे, मग पुढे" असं स्वतः नेऊ गेलात की एखाद्या दिवशी पाचव्यात जाल.

भारतातून इकडे आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं. इथे स्टिअरिंग डावीकडे, लिव्हर उजव्या हाताला. पेडलचा क्रम तोच, गिअरचा नकाशाही तोच, पहिला डावीकडे वरच. पण भारतात पहिला-दुसरा तुमच्यापासून लांब असतो, इथे तो तुमच्या मांडीकडे येतो. भारतात डाव्या तळव्याने, अंगठा खाली करून, लिव्हर लांब दाबत पहिला-दुसरा टाकायचा. इथे उजवा तळवा स्वतःकडे ओढायचा. पाचव्या-सहाव्याला नेमकं उलटं. पहिले पंधरा दिवस मी प्रत्येक सिग्नलला डाव्या हाताने दाराचं हँडल चाचपायचो.

चुकून भलताच गिअर पडला तर काय होतं?

वरचा टाकायचा होता आणि त्याहून वरचा पडला, तर गाडी नुसती मंदावते, हसून सोडा. खालचा पडला तर खरा घात. फेरे लाल रेषेवर रोखणारा रेव्ह लिमिटर आहे ना, असं लोक म्हणतात. लिमिटर फक्त इंधन तोडतो. इथे इंजिनला इंधन नाही, चाकं फिरवत असतात, आणि चाकांना लिमिटर नसतो.

माझी गोष्ट सांगतो. नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या शर्यतीच्या ट्रॅकची नॉर्डश्लाइफ, २० किलोमीटरहून जास्त लांबीची फेरी. बेर्गवेर्कच्या वळणातून बाहेर पडलं की मोठा चढ लागतो. तिसऱ्यात ६५०० ला आलो, चौथा हवा होता. आरशात मागे एक मोठी गाडी चढून येत होती, म्हणून हात ताठरला. चौथ्यासाठी सरळ मागे ओढायचं, मी स्वतःकडे ओढलं. दुसरा पडला. ६५०० चे साडेनऊ हजार होतात. क्लच अर्धाच सुटला होता तेवढ्यात मागची चाकं किंचाळली, गाडीचं ढुंगण हललं आणि डावा पाय आपोआप परत खाली गेला. त्या अर्ध्या क्लचने इंजिन वाचलं. पुढच्या आठवड्यात कॉम्प्रेशन तपासून घेतलं, ठीक निघालं. तेव्हापासून चौथा टाकताना माझा तळवा उघडा असतो आणि मी हात स्वतःपासून किंचित लांब ठेवतो.

जुनी पोर्श घेणार असाल तर एक गोष्ट मागून घ्या. तिच्या इंजिनचा कॉम्प्युटर लाल रेषेपलीकडे गेलेले फेरे पायऱ्या-पायऱ्यांनी नोंदवून ठेवतो. आधीच्या मालकाचा हात कसा होता ते त्या नोंदीत दिसतं.

पावसात काय बदलतं?

ब्लिप चैनीचा न राहता गरजेचा होतो. रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत फेरे न जुळवता खालचा गिअर टाकून क्लच सोडला तर इंजिन मागची चाकं धरून ठेवतं, जणू कोणी हँडब्रेक ओढला. कोरड्यात टायर सांभाळून घेतो. ओल्या रस्त्यावर, तेही वळणात, गाडी स्वतःभोवती फिरते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ती सरळ घसरते. म्हणून गिअर सरळ रस्त्यावर उरकून घ्या, वळणात दोन्ही पायांना कमीत कमी काम असू द्या.

कोणत्या आरपीएमला गिअर बदलावा?

रोजच्या रस्त्यावर २५०० ते ३०००, त्यात कसली स्पर्धा. जोरात जायचं असेल तर हिशोब असा: माझ्या इंजिनची १८४ हॉर्सपॉवर ७००० ला येते, टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २०५ न्यूटन-मीटर ४००० ला. ७२०० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात गेलो की काटा ४९०० वर उतरतो, म्हणजे अजून जोरातल्या पट्ट्यातच. ५५०० ला बदलला तर ३७५० वर येईन आणि पुढचे दोन सेकंद नुसता आवाज ऐकत बसेन. टर्बो इंजिनात जोर खालीच येतो, तिथे लाल रेषेपर्यंत ताणण्यात अर्थ नसतो. अगदी ७५०० ची वाट मात्र बघू नका. लिमिटरला एकदा धडकलात की सगळी लय जाते.

पाचव्यातून थेट तिसऱ्यात आलं तर चालतं का?

चालतं. ब्लिप मोठा द्यावा लागतो, बस. सिग्नलला थांबायचं असेल तर एकेक गिअर उतरवत येण्यातही शहाणपण नाही. ब्रेक पॅड क्लचपेक्षा स्वस्त असतात. घाट उतरताना मात्र खालचा गिअर हवाच, नाहीतर ब्रेक तापून निकामी होतात.

हाफ क्लचवर गाडी धरली तर?

धरू नका. चढावर हँडब्रेक आहे. पाय क्लचवर ठेवून चालवायची सवयही तोडा, डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते.

शॉर्ट शिफ्टर, जड नॉब, महाग तेल, यातलं काय घ्यावं?

तेल आधी. गिअरबॉक्सचं तेल बदललेलं बहुतेकांना आठवतही नाही. गाडीच्या पुस्तकात सांगितलेलाच ग्रेड टाका. जीएल-४ सांगितलं असेल तिथे "वरचा नंबर, चांगलं असेल" म्हणून जीएल-५ ओतू नका. त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी पितळी सिंक्रो खराब होण्याचा धोका असतो, शिवाय काही तेलं इतकी निसरडी असतात की कडीला घासायलाच मिळत नाही.

जड नॉब, म्हणजे लिव्हरची वरची मूठ, हा स्वस्तातला आनंद आहे. वजनामुळे लिव्हर सुरू झाला की स्वतःच्या ओघाने आत जातो. शॉर्ट शिफ्टरबद्दल माझं मत वाईट आहे. लिव्हरचा प्रवास कमी होतो म्हणजे तरफेचा हात कमी होतो; तेवढाच जास्त जोर तुम्हाला हाताने लावावा लागतो. माझदाचा लिव्हर मुळातच इतका आखूड आहे की मनगट हललं तरी पुरतं.

पॅडल शिफ्ट असताना हा खटाटोप कशाला?

वेगासाठी नक्कीच नाही. ती शर्यत कधीच संपली. १९८९ मध्ये फेरारी ६४० ही स्टिअरिंगमागे पॅडल असलेली फॉर्म्युला वन गाडी आली आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलमधली तिची पहिलीच शर्यत जिंकली. आज ड्युअल क्लच (दोन क्लच असलेला ऑटोमॅटिक) गिअरबॉक्स जितक्यात गिअर बदलतो तितक्यात माझा डावा पाय अर्ध्या वाटेवर असतो. ब्लिपसुद्धा गाडीच देते. निसानच्या ३७०झी मध्ये २००९ पासून ते होतं, आता अनेक मॅन्युअल स्पोर्ट्स कारमध्ये असतं.

तरी गंमत बघा. पोर्शने २०१३ ची ९११ जीटी३ फक्त ऑटोमॅटिक काढली. मग २०१६ मध्ये मॅन्युअलवाल्या ९११ आर च्या ९९१ गाड्या काढल्या, त्यांच्यावर लोकांच्या उड्या पडल्या, आणि २०१७ च्या जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आलं. घड्याळात मागे पडायला लोकांनी हौसेने पैसे मोजले. तुमच्या गाडीत ऑटो ब्लिप असेल तर शिकेपर्यंत तो बंद ठेवा. चालू असला की तुमची चूक तुम्हाला कळणारच नाही.

सराव कुठे आणि कसा करावा?

इंजिन बंद करून, डोळे मिटून सहाही गिअर शोधा. मग पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर ताशी ६० ला तिसरा-चौथा, चौथा-तिसरा, असं वीस वेळा, ब्रेक न लावता. वेग तोच ठेवायचा, फक्त काट्याची जागा बदलायची. हे जमलं की ब्रेक जोडा. कप होल्डरमध्ये झाकण न लावता अर्धा भरलेला स्टीलचा पेला ठेवा. पाणी कडेला चढलं की शिफ्ट चुकली. भाच्याने हे ताकाने केलं, ते करू नका.

वेगाचा सराव ट्रॅकवरच. नॉर्डश्लाइफलाही, तिकीट काढून सर्वांसाठी खुली असते तेव्हा, वाहतुकीचे साधे नियम लागू असतात, आणि तिथे वेळ लावून चालवायला बंदी आहे. आधी विम्याचे कागद वाचा.

पायात काय घालावं?

पातळ तळव्याचे, कडेला फार पसरलेले नसतील असे बूट. जाड तळव्याच्या धावायच्या बुटांत पेडल कळत नाही, आणि त्यांची रुंद कड एकदम दोन पेडल दाबते. चप्पल नको, पट्टा अडकतो. पावसात तळवा पुसायला सीटखाली एक फडकं असू द्या. माझ्या सीटखाली मामांच्या जुन्या खाकी शर्टाची बाही आहे.